लिंबू आंबट, पण अ‍ॅसिड मटणात?

आमच्या सोलापुरात जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाचटणीवर तेलाची धार आणि रविवारी मटण, आणि त्यात एक मित्र म्हणतो की अरे हे सगळं अ‍ॅसिड बनवणारं आहे, रोज लिंबूपाणी पीत जा. म्हटलं लिंबू? ते तर स्वतःच आंबट!

मग वाचत बसलो तर गंमतच, चवीचा इथे संबंधच नाही. लिंबातलं सायट्रिक अ‍ॅसिड शरीर जाळून टाकतं आणि त्यातल्या पोटॅशियममुळे लघवी अल्कलीकडे, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट बाजूला झुकते. मटण, अंडी, चीज मात्र आंबट लागत नाहीत पण त्यांच्या प्रोटीनमधल्या गंधकापासून सल्फ्युरिक अ‍ॅसिड बनतं, ते किडनीला बाहेर टाकावं लागतं. धान्यं पण थोडी त्याच बाजूची, म्हणजे आपली ज्वारी आलीच, शेंगा पण आल्या 😅

पण ते 'रक्त अ‍ॅसिडिक होतं' वाले फॉरवर्ड डिलीट करा. रक्ताचा पीएच (अ‍ॅसिड-अल्कली मोजायचं माप) ७.३५ ते ७.४५, फुफ्फुसं आणि किडनी तो हलू देत नाहीत. आणि चटणी खाऊन छातीत जळजळतं ते वेगळंच प्रकरण, तिथे लिंबू उलट त्रास देतं, मी पिऊन बघितलंय, रात्रभर बसून होतो.

भाकरी काय सुटत नाही. फक्त भाज्या पोटॅशियममुळे लिंबाच्याच बाजूच्या, म्हणून आता शेपू नाहीतर मेथी भाकरीएवढीच वाढून घेतो, मटणाच्या दिवशी काकडी-मुळा. शेजारच्या काकांना मात्र हे सांगितलं नाही, त्यांना किडनीचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी पोटॅशियम जपायला सांगितलंय. आई म्हणते, "शेपू खा म्हणून मी वीस वर्षं ओरडतेय, तेव्हा नाही ऐकलंस."