जकार्तात बसून स्लेमानचे मत: इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतील माझा अनुभव

लग्नानंतर बरीच वर्षे इंडोनेशियात काढल्यावर मी इथले नागरिकत्व घेतले. भारत आणि इंडोनेशिया हे दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला, आणि १४ फेब्रुवारी २०२४ ची निवडणूक ही इंडोनेशियाची नागरिक म्हणून माझी पहिली निवडणूक ठरली. सांगलीत लोकसभेला आणि विधानसभेला मी मत दिलेले होते, त्यामुळे रांग, यादी आणि शाई यांचे अप्रूप नव्हते. देशाचा प्रमुख आपल्याच मताने थेट निवडायचा, हे मात्र सर्वस्वी नवे होते. इथेही ही पद्धत फार जुनी नाही. २००४ पर्यंत राष्ट्राध्यक्षांची निवड लोकप्रतिनिधींची परिषद करीत असे आणि जनतेच्या थेट मतदानाने निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो हे होते.

माझी अडचण पत्त्याची होती. ओळखपत्र आणि कुटुंबपत्र जावा बेटावरील योग्याकार्ताजवळच्या स्लेमान जिल्ह्याचे, कारण सासर तिथले; नोकरी मात्र जकार्तात. इंडोनेशियात मतदार नोंदणी ओळखपत्रावरील पत्त्याशी बांधलेली असते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, नागरी नोंदणीवरूनच यादी तयार होते आणि गावातील नेमलेली माणसे घरोघरी फिरून ती पडताळतात. निवडणूक आयोगाने, म्हणजे केपीयूने, अंतिम यादी जुलै २०२३ मध्येच जाहीर केली होती आणि तीत २०,४८,०७,२२२ मतदार होते. आयोगाच्या संकेतस्थळावर ओळखपत्राचा सोळा अंकी क्रमांक घातला तेव्हा माझे नाव स्लेमानमधील आमच्या गल्लीच्या केंद्रावर व्यवस्थित दिसले. नव्याने नागरिक झालेल्या व्यक्तीचे नाव सुटेल ही माझी धास्ती निराधार निघाली.

मतदान बुधवारी होते आणि त्या दिवशी सुट्टी असली, तरी आधीच्या व नंतरच्या दिवशी काम होतेच, म्हणून जकार्तातूनच मत देण्याचे ठरवले. भारतात सर्वसामान्य नोकरदाराला ही सोय नाही. इथे ती आहे आणि ती मिळवण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. अन्य ठिकाणी शिकणारे, नोकरी करणारे, रुग्णालयात दाखल असलेले, तुरुंगात असलेले किंवा आपत्तीमुळे घर सोडावे लागलेले मतदार ‘मतदान स्थलांतर पत्र’ घेऊ शकतात. नोकरी वा शिक्षणाच्या कारणासाठी अर्जाची मुदत मतदानाच्या तीस दिवस आधी, म्हणजे १५ जानेवारीला संपत होती. आजारपण, आपत्ती, कैद आणि मतदानाच्या दिवशीचे कर्तव्य या चार कारणांसाठीच ती ७ फेब्रुवारीपर्यंत खुली होती. अर्ज मूळ गावी किंवा सध्याच्या मुक्कामी, कुठेही देता येतो. मी जकार्तातील आमच्या वस्तीच्या कार्यालयात गेले तेव्हा ओळखपत्राची प्रत चालली, पण नोकरीच्या दाखल्यावर कंपनीचा गोल शिक्का नसल्याने तो परत देण्यात आला. शिक्क्याशिवाय कागदाला कागद न मानण्याची सवय या देशात आपल्याइतकीच खोल आहे, त्यामुळे मला राग आला नाही, फक्त पुन्हा यावे लागले.

दुसऱ्या खेपेला टेबलापलीकडच्या तरुणाने पत्र छापून हातात देताना नम्रपणे विचारले, “बू (म्हणजे बाई), तुम्हाला एकच मतपत्रिका मिळेल, ठाऊक आहे ना?” मला ते ऐकीव माहितीवरून ठाऊक होते, पण त्यामागचा हिशेब त्याने समजावून सांगितला तेव्हा पटला. त्या दिवशी देशभर एकाच वेळी अनेक पदांसाठी मतदान होते: राष्ट्राध्यक्षांची मतपत्रिका करडी, राष्ट्रीय संसदेची पिवळी, प्रांतांच्या प्रतिनिधिगृहाची लाल, प्रांतिक विधिमंडळाची निळी आणि जिल्हा वा शहर विधिमंडळाची हिरवी. जकार्तात जिल्हा पातळीवरचे विधिमंडळ नसल्यामुळे तिथल्या मतदारांना चार, इतर ठिकाणी पाच. आपण आपल्या मतदारसंघापासून जितके दूर जाऊ, तितक्या मतपत्रिका गळत जातात. प्रांताबाहेर गेलेल्याच्या हाती फक्त करडी उरते, कारण सबंध देशाला समान असलेली निवडणूक तेवढीच. स्लेमानमधील उमेदवारांवर जकार्तात मत देता येणार नाही आणि जकार्तातील उमेदवारांशी माझा संबंध नाही, हे तर्काला धरूनच होते. तरीही नवऱ्याने गावाकडे पाचही मतपत्रिका घेतल्या याची मला थोडी असूया वाटली, हे नाकारत नाही.

उमेदवारांविषयी सासरी महिनोन्‌महिने चर्चा चालली होती. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची इथे जोडीने निवड होते: क्रमांक एकवर अनिस बास्वेदान आणि मुहैमिन इस्कंदर, दोनवर प्राबोवो सुबियांतो आणि गिब्रान राकाबुमिंग राका, तीनवर गंजार प्रानोवो आणि महफुद एमडी. देशातील सुमारे ८७ टक्के लोक मुसलमान आहेत, आणि २०१९ च्या निवडणुकीत धर्मावरून समाज किती दुभंगला होता हे मी पाहिले होते. या वेळी मात्र आमच्या ओसरीवरचा वाद धर्माचा नव्हता, घराणेशाहीचा होता. गिब्रान हे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांचे थोरले चिरंजीव, वय ३६, आणि कायद्याने उमेदवाराचे वय किमान ४० हवे होते. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनात्मक न्यायालयाने, प्रादेशिक निवडणुकीतून पदावर आलेल्या व्यक्तीला ही वयाची अट लागू नाही, असा निकाल दिला. त्या पीठाचे अध्यक्ष अन्वर उस्मान हे विडोडो यांचे मेहुणे. पुढच्याच महिन्यात आचारसंहिता मंडळाने त्यांना सरन्यायाधीशपदावरून दूर केले, पण निकाल कायम राहिला. सासऱ्यांचे म्हणणे असे की सोलो शहराचा महापौर म्हणून पोराने काम बरे केले आहे; सासूबाईंचे म्हणणे असे की काम बरे असेल तर चार वर्षे थांबायला काय हरकत होती. मी सासूबाईंच्या बाजूने होते.

मतदानाच्या पहाटे जकार्तात मुसळधार पाऊस कोसळला आणि काही भागांत केंद्रांच्या मांडवांत पाणी शिरले. आमचे केंद्र एका शाळेच्या छपराखाली असल्याने कोरडे राहिले. एका केंद्रावर जास्तीत जास्त ३०० मतदार असतात, म्हणूनच देशभरात आठ लाखांहून अधिक केंद्रे लागतात आणि प्रत्येकावर त्याच वस्तीतील सात जणांचे पथक बसते. २०१९ मध्ये या पथकांतील ८९४ जणांचा मृत्यू झाला होता. एका दिवसात पाच निवडणुका आणि रात्रभर हातमोजणी यांचा ताण पुष्कळांच्या आधीच्या आजारांवर पडला होता. त्या अनुभवानंतर या वेळी पथकासाठी ५५ वर्षांची कमाल मर्यादा घातली गेली. आमच्या केंद्रावरची मंडळी खरोखरच तरुण होती.

स्थलांतर पत्र आणि ओळखपत्र दाखवल्यावर अतिरिक्त मतदारांच्या वहीत सही झाली आणि केंद्रप्रमुखाने सही केलेली करडी मतपत्रिका मिळाली. ती सगळ्यांसमोर पूर्ण उलगडून फाटलेली नाही याची खात्री करायची असते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोरीने बांधलेला एक खिळा आणि खाली मऊ गादी असते; पसंतीच्या जोडीच्या चौकटीत खिळ्याने भोक पाडले की मत झाले. कागद नीट न उलगडता टोचला तर भोक दोन ठिकाणी पडून मत बाद होऊ शकते, म्हणून बाहेर बसलेली मुलगी प्रत्येकाला ‘पूर्ण उघडा’ असे सांगत होती. यंत्राचे बटण दाबण्याची सवय असलेल्या मला त्या खिळ्याचा आवाज उगाचच मोठा वाटला. मतपत्रिका पुठ्ठ्याच्या पेटीत टाकून बोट शाईच्या बाटलीत बुडवले. भारतातल्यासारखी नखावर रेघ ओढत नाहीत, बोटाचे टोकच निळे होते.

मतदान दुपारी एकला संपले आणि मी मोजणीसाठी थांबले. माझ्या मते या सबंध प्रक्रियेचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. पेटी तिथेच, त्याच टेबलावर उघडतात. केंद्रप्रमुख एकेक मतपत्रिका उजेडाकडे धरून भोक सर्वांना दाखवतो, ‘साह’, म्हणजे वैध, असे ओरडतो आणि भिंतीवर लावलेल्या मोठ्या तक्त्यावर पाच-पाचच्या गटात रेघा वाढत जातात. उमेदवारांचे प्रतिनिधी, देखरेख मंडळाचा माणूस, कडेवर लेकरे घेतलेल्या बायका, भाजीवाला, सगळे बघत असतात आणि शेवटी तक्त्याचा फोटो कोणीही काढू शकतो. आधी करडी पेटी मोजतात. बाकीच्या रंगांची मोजणी रात्री उशिरापर्यंत चालली. तीन वाजल्यापासून वाहिन्यांवर नमुना केंद्रांवरून काढलेले त्वरित अंदाज येऊ लागले होते आणि ते पाहता प्राबोवो पहिल्याच फेरीत निवडून येणार हे स्पष्ट होते, तरी आमच्या शाळेतील ‘साह’चा आवाज खाली आला नाही.

पुढे आयोगाच्या ‘सिरेकाप’ या ॲपने तक्त्यांच्या फोटोंतील आकडे चुकीचे वाचल्याचे प्रकार उघड झाले आणि समाजमाध्यमांवर गोंधळ उडाला. अधिकृत निकाल त्या ॲपवर अवलंबून नव्हता. तालुका, जिल्हा, प्रांत आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनी कागदावरून बेरीज होत गेली आणि २० मार्चला आयोगाने ती जाहीर केली. प्राबोवो यांना ९,६२,१४,६९१ मते, म्हणजे ५८.५९ टक्के, अनिस यांना २४.९५ आणि गंजार यांना १६.४७ टक्के. विजयासाठी निम्म्याहून अधिक मते आणि निम्म्याहून अधिक प्रांतांत किमान २० टक्के मते लागतात. ३८ पैकी ३६ प्रांतांत ते आघाडीवर असल्याने दुसऱ्या फेरीचा प्रश्नच उरला नाही. पराभूत जोड्यांच्या याचिका घटनात्मक न्यायालयाने २२ एप्रिलला फेटाळल्या, तेव्हा आठपैकी तीन न्यायाधीशांनी वेगळे मत नोंदवले. माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या मोजणीत मला काहीच खोट दिसली नव्हती. आक्षेप होते ते उमेदवारीचे निकष आणि निवडणुकीआधी वाटलेली सरकारी मदत यांविषयी, आणि त्यातले काहीही शाळेच्या छपराखाली बसून दिसणारे नव्हते.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला प्रादेशिक निवडणुका झाल्या. योग्याकार्तात सुलतान हेच गव्हर्नर असल्याने त्या पदासाठी मतदान होत नाही, आणि प्रांताबाहेर गेलेल्याला स्थानिक निवडणुकीत मत स्थलांतरित करता येत नाही. जिल्हाप्रमुखाच्या निवडीसाठी मत द्यायचे तर गावीच जाणे भाग होते, म्हणून रजा टाकून मी गंबीर स्थानकावरून रात्रीची गाडी पकडली.