किती जीबीचा घेऊ?

जून लागला की नाशकात दोन चौकश्या सुरू होतात. गंगापूर धरणात पाणी किती उरलं, आणि लॅपटॉप किती जीबीचा घ्यावा. पहिलीचं उत्तर रोज पेपरात छापून येतं. दुसरीसाठी इंदिरानगरातली आमची निम्मी बिल्डिंग माझ्या दाराशी येते, कारण ‘ह्यांना त्यातलं कळतं’ अशी माझी ख्याती कोणीतरी कधीतरी करून ठेवली आहे. बारावीचा निकाल लागलेला असतो, सीईटीचे पर्सेंटाइल हातात असतात, कॅप राउंडची धाकधूक चालू असते. कॉलेज कुठलं ते ठरायचं असतं, पण लॅपटॉप मात्र याच रविवारी घ्यायचा असतो.

‘काका, किती जीबीचा घेऊ?’

‘कशाचे जीबी?’

पोरगा आईकडे बघतो, आई माझ्याकडे बघते.

लॅपटॉपमध्ये जीबी दोन ठिकाणी असतात. दुकानदार ते एका दमात म्हणून टाकतो, ‘आठ-पाचशेबारा’. गिऱ्हाईक जरा बरं दिसलं तर ‘सोळा-पाचशेबारा’. पहिला आकडा रॅमचा, दुसरा साठवणीचा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मोठा आकडा राहतो आणि घरी बातमी जाते की पाचशेबारा रॅमचा लॅपटॉप स्वस्तात मिळतोय. तो तसा मिळत नाही, हे सांगण्यात माझे पहिले दोन चहा खर्च होतात.

साठवण म्हणजे फोटो, सिनेमे, प्रोजेक्टच्या फायली, खुद्द विंडोज, सगळं जिथे कायमचं पडून असतं ती जागा. लॅपटॉप बंद केला तरी तिथलं काही हलत नाही. रॅम ही चालू कामाची जागा. जे उघडलंय ते तिथे येतं, आणि वीज तुटली की रिकामं होतं. वर्डमध्ये तासभर टाइप केलेलं सेव्ह केलं नाही आणि बॅटरी संपली, तर ते गेलं म्हणून रडतात ते रॅममधलं. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पण ‘मग आठ पुरेल की सोळा लागेल?’ याचं उत्तर द्यायला मला गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला मध्ये आणावं लागतं.

नाशिककर पूर क्युसेकमध्ये मोजत नाही. विसर्ग किती सोडला ते अधिकाऱ्यांनी बघावं. आपण विचारतो, ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?’ गुडघ्यापर्यंत असेल तर लोक गोदाघाटावर फोटो काढायला जातात. कमरेपर्यंत आलं की टपऱ्या उचलल्या जातात. छातीच्या वर गेलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवू लागतात, कारण आता पाणी पात्रात मावणार नाही, गल्लीत शिरणार. रॅमचं अगदी हेच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात मेमरीचा टक्का बघा. पन्नास-साठ म्हणजे गुडघाभर. ऐंशीला कंबर समजा. नव्वदीच्या पुढे गेलं की विंडोज रॅममध्ये न मावणारा भाग उचलून साठवणीच्या डिस्कवर ठेवू लागतं, म्हणजे पाणी सराफ बाजारात शिरलं. डिस्क रॅमच्या मानाने कितीतरी हळू, म्हणून सगळा कारभार मंदावतो. माउस हलतो, पण खिडकी उघडत नाही. ब्राउझरमध्ये तीस टॅब, एक मीटिंग, एक एक्सेल एवढं आजकाल कोणाचंही उघडं असतं. म्हणून आता नवीन घेणाऱ्याला मी सोळाच सांगतो, आणि ज्यांच्याकडे आठ आहे त्यांना सांगतो की विकत काही घेऊ नका, आधी टॅब बंद करा. दुसरा सल्ला कोणालाच आवडत नाही.

साठवणीची गोष्ट मात्र अण्णांच्या नावावर जमा आहे.

अण्णा शेजारच्या विंगमध्ये राहतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, तिकडे ‘प्रेस’ म्हटलं की नोटांची किंवा पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प, पासपोर्ट छापणारी. तिथे वाया गेलेल्या कागदाचाही हिशेब द्यावा लागतो. त्या माणसाने नवा लॅपटॉप घरी आणला, डिस्कवरची जागा दाखवणारं ‘दिस पीसी’ उघडलं आणि बघतात तो ५१२ च्या जागी ४७६. रात्री साडेनऊला बेल वाजली. अण्णा बिल आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन उभे.

‘छत्तीस जीबी गेले कुठे?’

हा प्रश्न विचारणारा माणूस मला विरळाच भेटलाय. बाकीचे म्हणतात, ‘असेल काहीतरी सॉफ्टवेअरने खाल्लेलं.’ अण्णांनी खुर्ची ओढली, खिशातलं पेन काढलं. मी सांगितलं की डिस्क बनवणारा एक जीबी म्हणजे सरळ १०० कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र १०२४ ला १०२४ ने गुणून पुन्हा १०२४ ने गुणतं आणि त्याला जीबी म्हणतं. अण्णांनी बिलाच्या मागेच गुणाकार केला. १०७,३७,४१,८२४. मग ५१,२०० कोटींना त्याने भाग दिला, हातचे वगैरे लिहून, शाळेत शिकवतात तसा. ४७६.८ आले. चष्मा वर सरकवून म्हणाले, ‘म्हणजे माल बरोबर आहे. माप दोन आहेत.’ मग जरा थांबून, ‘पण हे खोक्यावर लिहायला काय झालं होतं यांना?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण प्रश्न रास्त आहे.

त्या रात्री अण्णांना मी पहिल्या हार्ड डिस्कबद्दलही सांगितलं. आयबीएमने १९५६ साली आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, एकावर एक, वजन टनाच्या आसपास, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलने काढलेला एक बरासा फोटो तेवढी जागा घेतो. अण्णांना तबकड्यांपेक्षा ते यंत्र इमारतीत कुठून नेलं असेल याची काळजी पडली. प्रेसमध्ये मशिन आत न्यायला भिंत कशी पाडली होती तो किस्सा त्यानंतर अकरापर्यंत चालला.

फिरणाऱ्या तबकड्यांची ती जात लॅपटॉपमधून जवळजवळ गेली. आता एसएसडी, तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर. तुमच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असेल, चालू होताना देवपूजा आटोपत असेल, तर त्यात जुनी हार्ड डिस्क असण्याची शक्यता फार. ती काढून एसएसडी बसवणं हा माझ्या मते कॉम्प्युटरवर होणारा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च. त्याच लॅपटॉपमध्ये नवा प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, बसत नाही, तो मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच, डकवलेला असतो, पण डिस्क बदलता येते.

प्रोसेसरचं थोडक्यात. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातलं आय-फाइव्ह म्हणजे पाच कोअर (आत काम करणारी केंद्रं) नव्हेत आणि आय-सेव्हन म्हणजे सात नव्हेत. ते दर्जाचे आकडे, तेही त्या त्या पिढीपुरते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा आय-सेव्हन आजच्या आय-थ्रीपुढे मान खाली घालू शकतो. नावाच्या शेवटी यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जोर जास्त, बॅटरी लवकर उतरणार, पंखाही जास्त बोलणार. सिव्हिल-मेकॅनिकलला जाऊन थ्रीडी ड्रॉइंग करणाऱ्याने एच बघावा. बाकीच्यांनी वजन बघावं, कारण तो लॅपटॉप सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्याने पाठीवर वागवायचा आहे.

पंख्यावरून आठवलं. पुतणीचा लॅपटॉप मे महिन्यात इतका मंदावला की तिने तो बदलायचा हट्टच धरला. शालिमारजवळच्या बोळात एक दुरुस्तीवाला आहे, तिथे घेऊन गेलो. अशा दुकानात काउंटरवर कोपर टेकून बघत राहणं हा माझा छंद आहे. त्या मुलाने लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले आणि एका कागदावर लॅपटॉपचा चौकोन आखून जो स्क्रू जिथला तिथेच ठेवला. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर बोर्डाला भोक पडतं, म्हणाला. मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवली आणि टक टक करत खालचं झाकण सुटलं.

पुतणीने तिचा लॅपटॉप आतून पहिल्यांदाच पाहिला. तिला वाटलं होतं खूप काही असेल. आत निम्मी जागा बॅटरीनेच अडवलेली. एसएसडी एवढीशी, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. तिच्या जातीचं नावच २२८० असतं, ते हेच माप. एका स्क्रूवर धरलेली. रॅमची पट्टी दोन चिमट्यांत अडकलेली; चिमटे बाजूला केले की ती तिरपी वर उचलली जाते. आणि पंख्यापाशी, तांब्याची नळी जिथे बारीक पत्र्यांना जाऊन मिळते तिथे, राखाडी धुळीचा घट्ट थर. मुलाने तो चिमट्याने धरला तर अख्खा निघाला, त्यात गोधडीचे तंतू. पुतणीने ओळखले. ती लॅपटॉप गोधडीवर ठेवून पालथी पडून सिरियली बघते आणि खालची हवा घ्यायची जाळी त्या गोधडीने गच्च बंद होते.

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. बाहेर नाशिकचं ऊन चाळिशीला टेकलेलं, आतून गोधडी. मंदावेल नाही तर काय करेल? मुलाने ब्रशने पंखा साफ केला, ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावली. नव्या लॅपटॉपचा विषय मिटला. गोधडीचा मिटला नाही.

बॅटरीचंही उष्णतेशीच वैर आहे. रात्रंदिवस चार्जर लावून शंभर टक्क्यांवर तापत ठेवली की ती लवकर म्हातारी होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. टेबलावरच काम करणाऱ्याने ती चालू करून टाकावी. चार्जर उसना घेताना पिन बसली एवढं पुरत नाही, वॅट बघावेत. त्याच्या पोटावर बारीक अक्षरात २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं लिहिलेलं असतं, गुणाकार केला की ६५ वॅट. मोबाइलच्या लहान चार्जरची सी टाइप पिन बसते बरोबर, पण लॅपटॉप बिचारा उपाशीच.

हे सगळं आतलं झालं. वापराचं म्हणाल तर सिन्नरच्या मावशीने मला गार केलं. तिला भजनी मंडळाची वही टाइप करायची होती. मी तिला इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सोय दाखवली, तर म्हणाली, ‘क साठी इंग्रजी कशाला शोधू? क कुठाय ते दाखव.’ म्हणून इनस्क्रिप्ट लावून दिलं. हा कीबोर्ड १९८६ सालचा, सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क च्याच बटणावर शिफ्ट धरलं की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. मावशीची बाराखडी पक्की, तिला ते पाठ करावं लागलंच नाही. एफ आणि जे या बटणांवर बोटाला लागणारी बारीक रेघ असते, तर्जनी तिथे टेकायची म्हणजे खाली न बघता हात जागेवर राहतो. ती रेघ कशासाठी हे तिनेच विचारलं. मी इतकी वर्षं टाइप करतोय, मला कोणी विचारलं नव्हतं.

तिचा आता फोन येतो तो एकाच कारणाने. ‘अडकलंय रे.’ मी म्हणतो, रीस्टार्ट कर. ती म्हणते, आत्ताच बंद करून चालू केलं. मग सांगावं लागतं की विंडोजमध्ये बहुधा फास्ट स्टार्टअप चालू असतं. शट डाउन केलं तरी ते आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुन्हा चालू करताना तीच उचलतं, म्हणजे गुंता जसाच्या तसा. रीस्टार्टमध्ये मात्र पाटी कोरी होते. मावशीला हे पटलं. मंडळातल्या बाकीच्या बायकांना आता तीच सांगते, आणि माझं नावही घेत नाही.

अण्णा यंदा नातवासाठी लॅपटॉप घ्यायला निघाले तेव्हा मला बरोबर चला म्हणाले. मी गेलो आणि खुर्चीवर बसून राहिलो. दुकानातल्या पोराने सुरुवात केली, ‘आजोबा, सोळा-पाचशेबारा, लेटेस्ट आहे.’ अण्णांनी खिशातून चिठ्ठी काढली.

‘रॅम स्लॉटमध्ये आहे, म्हणजे पुढे बदलता येईल, का बोर्डावर सोल्डर केलेली?’

पोरगा स्टिकर बघायला लागला. स्टिकरवर ते नसतं.

‘आणि आणखी एक स्लॉट रिकामा आहे का? चार्जर किती वॅटचा? यू का एच?’

‘विचारून सांगतो,’ म्हणत पोरगा आत गेला. मालक स्वतः बाहेर आले, अण्णांकडे बघून म्हणाले, ‘साहेब आयटीमध्ये होते का?’

‘प्रेसमध्ये,’ अण्णा म्हणाले. ‘आणि तो ४७६ दाखवणार, ते मला माहीत आहे. ते नका समजावू. बाकीचं बोला.’