बेतिसचे इंजिनिअरसाहेब

स्पेनमधल्या सेविया शहरात नवीन माणसाला लोक पहिल्या चार वाक्यांतच विचारतात, बेतिस की सेविया? शहरात फुटबॉलचे मोठे क्लब दोन, आणि इथे घरं त्यावरून ओळखली जातात. मी बेतिसचा झालो ऑफिसातल्या मंडळींमुळे आणि टिकलो बेतिसचे कोच मान्युएल पेलेग्रिनींमुळे. परवा पुतण्याने फोनवर विचारलं, "काका, तुझा सगळ्यात आवडता कोच कोण?" त्याला ग्वार्दिओलाचं नाव ऐकायचं होतं. पेलेग्रिनी हे नाव त्याने ऐकलंही नव्हतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेलेग्रिनी चिलेचे, सान्तियागोचे. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, म्हणून स्पेनमध्ये त्यांना सगळे 'इंजिनिअर' म्हणूनच ओळखतात. खेळाडू म्हणून उभी कारकीर्द उनिव्हर्सिदाद दे चिले या एकाच क्लबच्या बचावफळीत गेली. निवृत्तीचा किस्सा ते स्वतःच सांगतात. एका सामन्यात हवेतल्या चेंडूसाठी ते उडी मारायला सरसावले, तेवढ्यात एक कोवळं पोरगं त्यांच्याही वर उडालं आणि हेडरने गोल करून मोकळं झालं. त्यांनी तिथेच ठरवलं, आता पुरे. ते पोरगं म्हणजे पुढे रेआल माद्रिद गाजवणारा इव्हान सामोरानो.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात फार कडू झाली. १९८८ च्या हंगामात त्यांच्याच हाताखाली त्यांचा लाडका क्लब खालच्या श्रेणीत घसरला. हातात पदवी होती, बांधकामाचा धंदा करता आला असता. पण ते मैदान सोडून गेले नाहीत. १९९९ मध्ये इक्वादोरला एलडीयू कितोबरोबर विजेतेपद, मग अर्जेंटिनात २००१ मध्ये सान लोरेन्सो आणि २००३ मध्ये रिव्हर प्लेट या क्लबांबरोबरही. स्पेनमध्ये आले तेव्हा पन्नाशी उलटली होती.

इथे ते आधी व्हियारेआल क्लबला गेले. पन्नासेक हजार वस्तीचं, फरशांच्या कारखान्यांवर जगणारं गाव. २००६ मध्ये त्या गावाचा संघ चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत आर्सेनलसमोर उभा होता. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली, रिकेल्मेने मारली आणि आर्सेनलचा गोलकीपर लेमानने अडवली. पुढे याच रिकेल्मेशी त्यांचं बिनसलं. संघाचा सगळा खेळ ज्याच्याभोवती फिरायचा त्यालाच त्यांनी बाजूला केलं, आणि २००७-०८ मध्ये व्हियारेआल स्पॅनिश लीगमध्ये चक्क दुसरं आलं. शांत माणूस लेचापेचा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हंगाम आठवावा. रेआल माद्रिदने त्यांना एकच वर्ष दिलं. संघाने ९६ गुण मिळवले, पण बार्सिलोना ९९ वर गेलं आणि यांना नारळ मिळाला. मला तो निर्णय आजही अन्यायाचा वाटतो.

त्यानंतरच्या मालागा क्लबबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय. कतारच्या मालकाने आधी पैसा ओतला, मग हात आखडता घेतला. पगार रखडले, कासोर्लासारखा खेळाडू विकावा लागला. तशा संघाला पेलेग्रिनींनी २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं. जर्मनीच्या डॉर्टमुंडबरोबरच्या दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत त्यांचे वडील गेले. चिलेला जाऊन अंत्यविधी उरकून ते थेट जर्मनीत संघाला येऊन मिळाले. नव्वद मिनिटं झाली तेव्हा मालागा २-१ ने पुढे होतं. इंज्युरी टाइममध्ये दोन गोल झाले आणि संघ बाहेर पडला. शेवटचा गोल ऑफसाइड होता, हे रिप्ले पाहणाऱ्या कुणालाही दिसतं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना रात्री-बेरात्री घरून आलेल्या फोनची धास्ती असते. त्या आठवड्यात या माणसाने काय काय पोटात घातलं असेल, याचा विचार केला की मला भरून येतं.

पुढे मँचेस्टर सिटीबरोबर २०१४ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. २०१६ मध्ये आपल्या जागी ग्वार्दिओला येणार हे पत्रकार परिषदेत त्यांनी स्वतःच शांतपणे सांगून टाकलं. मग चीन, मग वेस्ट हॅम.

२०२० मध्ये ते बेतिसला आले तेव्हा संघ आदल्या हंगामात पंधरावा आलेला. तेव्हापासून ओळीने पाच हंगाम बेतिस युरोपीय स्पर्धांसाठी पात्र ठरलं. २३ एप्रिल २०२२ ला कोपा देल रे या स्पॅनिश कपची अंतिम लढत सेवियातच, ला कार्तुहा स्टेडियमवर होती. व्हालेन्सियाबरोबर १-१, मग पेनल्टी. मी आमच्या गल्लीतल्या बारमध्ये होतो. बेतिसच्या चाळिशीतल्या होआकिनने पेनल्टी मारताना बारमालकाने टीव्हीकडे पाठ फिरवली होती. शेवटची मिरांदाने घातली, कप बेतिसचा झाला आणि त्याच बारमालकाने मला इतकं घट्ट आवळलं की श्वास घेता येईना. पेलेग्रिनी तेव्हा ६८ वर्षांचे होते.

इस्कोची गोष्ट राहिलीच. मालागाला त्यांनीच घडवलेला हा पोरगा माद्रिदला जाऊन मोठा झाला, मग प्रतिस्पर्धी सेवियात येऊन फसला आणि सहा महिने बिनक्लबचा घरी बसला. २०२३ मध्ये पेलेग्रिनींनी त्याला बेतिसला आणलं. २०२५ च्या मे महिन्यात पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेची चेल्सीबरोबर अंतिम लढत झाली, बेतिसची पहिलीच युरोपीय फायनल. पहिला गोल बेतिसचा, आणि पास इस्कोचा. दुसऱ्या अर्धात चेल्सीने चार घातले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे सुतकी चेहऱ्याने बसले होते, पण पेलेग्रिनींना बदला असं म्हणणारा एकही जण भेटला नाही. हरल्यावरही ज्याच्याविषयी लोक वाकडं बोलत नाहीत असा कोच मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बेतिसच्या जुन्या मैदानाचं नव्याने बांधकाम चालू असल्यामुळे सामने सध्या ला कार्तुहावर होतात. पुतण्या सुट्टीत येणार आहे, त्याला तिथेच घेऊन जाणार आहे.