तुम्ही विचारलंत म्हणून: मग हा रंग कोणता दिसतो?

मी रंगांध आहे, लाल-हिरव्यात माझा गोंधळ होतो, असं सांगितलं की लोक पेन नाकासमोर धरून विचारतात, "मग हा कोणता?" मी "हिरवा" म्हणतो, ते हिरवंच निघतं, आणि समोरच्याला वाटतं हा उगाच सोंग करतोय. अहो, चांगल्या उजेडातली मोठी, एकरंगी वस्तू बहुतेकदा ओळखता येते. अडतं ते बारीक ठिपक्यात, मंद उजेडात, चार्जरच्या इवल्याशा दिव्यात.

डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. माझ्या हिरव्याकडच्या पेशींची संवेदना लालवाल्यांच्या बाजूला सरकलेली आहे. दोघी जवळपास सारखंच सांगतात, मग मेंदू तुलना कशाची करणार? जग काळंपांढरं दिसत नाही, हेही एकदाचं सांगून टाकतो.

रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं तपासणीचं इशिहाराचं पुस्तक मात्र सोडत नाही. पाऊण मीटरवर, दिवसाच्या उजेडात, एका पानाला साधारण ३ सेकंद. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो. मग ७४ चं पान येतं आणि तिथे आम्हाला २१ दिसतो. अंधूक वगैरे नाही, ठसठशीत २१. काही पानं कोरी वाटतात. काहींवर उलट आम्हाला आकडा दिसतो आणि तुम्हाला ठिपकेच! पिवळ्या बल्बखाली तपासणी घेतली तर निकाल बदलू शकतो. शिवाय दोष आहे एवढं हे पुस्तक सांगतं. किती आहे ते धड सांगत नाही. तरी शिक्का बसतो तो यावरच.

"काही फरक पडत नाही" असं पूर्वी मी ठासून सांगायचो. पडतो. जुनं वायरिंग घ्या: लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवं अर्थिंग, त्यावर धूळ आणि माळ्यावरचा अंधार. टेस्टर फेज दाखवतो, पण न्यूट्रल आणि अर्थिंग या दोन्हींवर तो पेटत नाही. म्हणून मेन स्विच बंद करायचा, रंग नीट दिसणाऱ्या माणसाला विचारायचं आणि प्रत्येक तारेला अक्षर लिहिलेली चिकटपट्टी लावायची.

रंगांधांसाठी म्हणून जो चष्मा मिळतो, त्याने नवी पेशी उगवत नाही. तो लाल-हिरव्याच्या मधल्या प्रकाशाच्या काही तरंगलांबी गाळतो, फरक थोडा उठून दिसतो, आणि रात्री उजेड कमी होतो.

सौम्य आणि मध्यम दोष असणाऱ्यांना २०२० पासून वाहन परवाना मिळू शकतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला सगळे अभ्यासक्रम आमच्यासाठी खुले करायला सांगितलं. योग्यच. रेल्वे इंजिन चालवायला मला नको म्हणाले तर तेही मान्य. वायरमनचं काय, यावर माझं अजून माझ्याशीच जमत नाही.