भाकड दिवसांतला गड

सप्तशृंगी गडाचा घाट बघायचा तर माघ-फाल्गुनात जावं. सायकलवर आणि एकट्याने. नवरात्रात नि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर फक्त एसटी जाते. चैत्रात तर खानदेशातून पायी आलेल्या भाविकांनी रस्ता फुललेला असतो. पावसाळ्यात हिरवळ, धुकं आणि फोटोवाले. मधल्या या भाकड दिवसांत मात्र घाटाला कोणी विचारत नाही.

दिंडोरी, वणीपर्यंत द्राक्षांचे क्रेट भरलेल्या पिकअप अंगावर येत राहतात. नांदुरीला वळलं की एकदम सामसूम, आणि पुढे दहाएक किलोमीटर नुसता चढ.

गवत वाळलेलं असतं, कुठे वणव्याने काळं झालेलं. पळस तेवढा पेटलेला. पण डोंगराची घडण कळते ती आत्ताच. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर वाहत गेला, ते थर हिरवं पांघरूण निघाल्यावर सरळ मोजता येतात. कड्याची उभी भिंत, मग उतरती पायरी, पुन्हा भिंत. मध्येच एखादा तांबूस पट्टा. गाडीतून हे दिसत नाही, कारण पुढचं वळण लगेच येतं. सायकलवर ते येता येत नाही.

सपाटीवर सायकलस्वाराची बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते. घाटात वेगच इतका कमी की वाऱ्याचा प्रश्न उरत नाही. भांडण फक्त वजनाशी. म्हणून हजारो रुपये मोजून सायकल अर्ध्या किलोने हलकी करणाऱ्यांची मला गंमत वाटते. तीच मंडळी आदल्या दिवशी मिसळीबरोबर जादा पाव मागवतात. (मीही मागवतो, पण माझी सायकल मुळातच जड आहे.)

डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 2015 साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. तेव्हापासून शहरात हेल्मेटवाल्या सायकलस्वाराकडे कोणी वळून बघत नाही. घाटात बघतात. एक टेम्पोवाला शेजारी येऊन, गाडी माझ्या वेगाला आणून विचारतो, “नवस हाये का, दादा?” नाही म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. “मंग टाका की मागं सायकल, सोडतो वर.” नवसाशिवाय एवढा घाम गाळणाऱ्याला काय म्हणावं, हे त्याला कळत नाही. हाताने ‘जा पुढे’ म्हणावं, तर हँडल सोडवत नाही.

माकडांचेही हे दुष्काळी दिवस. चणे-फुटाणे देणारे भाविक नाहीत, त्यामुळे कठड्यावर बसलेला हुप्प्या माझ्या पाठीवरच्या खिशाकडे निरखून पाहतो. त्यातलं केळं त्याला बरोबर कळलेलं असतं. अशा वेळी त्या चढावरही माझा वेग वाढतो. कोणत्याही प्रशिक्षकाला जमलं नाही ते.

वर पोचल्यावर तर एकट्या गिऱ्हाइकावर सगळ्या दुकानांचा हक्क. देवीच्या पायऱ्या सायकलच्या बुटांनी चढवत नाहीत. 2018 पासून ट्रॉली आहे, पण सायकल कुठे ठेवणार? ओटीचं सामान विकणारी मावशी दोन्ही प्रश्न एका दमात सोडवते. “बूट हितंच काढ, सायकल मी बघते. पण नारळ माझ्याकडनंच घ्यायचा.”


“आणि उतरताना ब्रेक दाबून जा,” हेही ती नारळाच्याच भावात सांगते.