हेड ऑफ द चार्ल्स: वीक्सच्या वळणाआधी हे वाचा

हेड ऑफ द चार्ल्स या बॉस्टनच्या वल्हवण्याच्या शर्यतीला उतरायचं ठरवलं की जो तो तुमच्याशी वीक्सच्या पुलाबद्दल बोलायला लागतो. तिथे बोटी एकमेकींवर कशा चढतात, वल्ही कशी अडकतात, बोटीला दिशा देणाऱ्या कॉक्सची कशी तारांबळ उडते याचे व्हिडिओ लोक पाठवत राहतात. आम्हीही उन्हाळाभर त्याच एका वळणाची घोकंपट्टी केली. प्रत्यक्षात वीक्स आम्ही स्वच्छ पार केला. आमची शर्यत त्याच्या कितीतरी आधी, सुरुवातीची रेषा ओलांडण्यापूर्वीच निम्मी हातची गेली होती. भाड्याची चुकीची बोट आणि खालच्या रुंद पाण्यातला वारा, या दोन गोष्टींनी आमचा घात केला आणि दोन्हींबद्दल आम्हाला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. पुढच्या ऑक्टोबरात जे मराठी लोक जाणार असतील (आहेत, मला माहीत आहे) त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

शर्यतीचं स्वरूप थोडक्यात. बॉस्टन आणि केंब्रिजच्या मधून वाहणाऱ्या चार्ल्स नदीवर १९६५ पासून ती ऑक्टोबरात होते. केंब्रिज बोट क्लबच्या तिघा सभासदांनी ती सुरू केली. इंग्लंडात नदीवर एकामागून एक बोटी सोडून वेळ लावतात तशी शर्यत घ्या, हे त्यांना सुचवलं अर्नेस्ट आर्लेट या इंग्रज प्रशिक्षकाने. म्हणजे इथे सगळ्या बोटी एका रांगेत उभ्या राहून सुटत नाहीत. साधारण पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने एकेक बोट रेषा ओलांडते आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं चालतं. अंतर तीन मैल, म्हणजे ४.८ किलोमीटर, प्रवाहाच्या उलट, सहा पुलांखालून. आता अकरा हजारांवर वल्हवणारे येतात. नदीला मुखाशी धरण असल्यामुळे भरती-ओहोटी नाही आणि ओढही फारशी नाही. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे संगमापर्यंत पाणी तुंबतं, म्हणून तर पुण्यात आपल्याला वल्हवता येतं. इथेही गंमत तीच. मी आणि आमच्या बोटीतली आणखी एक, दोघीही सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, बोट क्लबवर मुळेच्या पाण्यात जलपर्णी बाजूला सारत शिकलो. तिथल्या रेगाटात, म्हणजे बोटींच्या उत्सवात, प्रेक्षकांसमोर बोटींच्या रचना करायच्या असतात. इथे घड्याळाशी झुंजायचं असतं. पाठीला दोन्ही सारखंच कळतं.

आम्ही चाळिशीपुढच्या चौघी आणि एक कॉक्स, न्यू जर्सीहून. नावनोंदणीत लबाडी काही नाही, पण नशीब लागतं. आदल्या वर्षी चांगल्या वेळेत पोचलेल्यांची जागा राखीव, बाकीच्यांची सोडत. अर्ज उन्हाळ्यातच भरायचा असतो. आणि सोडतीत नाव लागलं की त्याच दिवशी, त्याच तासाला, राहायची खोली घ्या. आम्ही आठवडाभर थांबलो तेवढ्यात एरवी दोनशे डॉलरच्या आत मिळणारी खोली साडेपाचशेवर गेली होती, आणि ती काय, तर गालिच्याला ओल आलेली, खिडकी न उघडणारी. ही उघड लूट आहे. बॉस्टनच्या मध्यात राहूच नका. मेट्रोच्या रेड लाइनच्या उत्तर टोकाला एलवाइफला मोठं वाहनतळ आहे. गाडी तिथे टाका आणि मेट्रोने हार्वर्डला या, तिथून नदी दहा मिनिटांच्या चालीवर. नदीकाठच्या गल्ल्यांत लोक आपल्या अंगणात गाडी लावायला साठ डॉलर मागत होते. देऊ नका.

आता बोट. स्वतःची बोट ट्रेलरवर न्यायची असेल तर चालवणाऱ्याला नकाशा कागदावर छापून द्या. नदीला लागून जाणाऱ्या स्टॉरो ड्राइव्हवरचे पूल बुटके आहेत. दहा फुटांचे फलक लावलेले आहेत, तरी दरवर्षी त्यांत सामानाचे ट्रक अडकतात. फोनमधली बाई खुशाल तुम्हाला त्या रस्त्याला घालते. हा धोका नको म्हणून आम्ही बोट तिथेच भाड्याने घेतली, आणि इथून आमचं नष्टचर्य सुरू झालं.

फोनवर ठरलं होतं: चौघींची कॉक्ससह बोट, मध्यम वजनाच्या क्रूसाठी, अमुक इतके पैसे. तिथे गेल्यावर कळलं की वल्ही वेगळी. वल्ह्यांचे पैसे वेगळे, नुकसानीची अनामत वेगळी, कॉक्सच्या माइकची बॅटरी हवी तर तीही वेगळी. ठरलेल्या रकमेच्या जवळजवळ दीडपट आम्ही मोजले. पैशांचं एकवेळ सोडून देईन. बोट मात्र नव्वद किलोच्या पुरुषांसाठी बांधलेली निघाली. कवचावर आतल्या बाजूला छोटी पट्टी असते, तिच्यावर वजनाचा गट लिहिलेला असतो. तो आम्ही वाचून दाखवला तेव्हा समोरच्या माणसाने खांदे उडवले. दुसरी बोट शिल्लक नव्हती.

हे एवढं ताणून का सांगते आहे ते ऐका. आम्ही चौघी साठ-बासष्ट किलोच्या. जड क्रूसाठी बांधलेली बोट हलक्या क्रूखाली पाण्यात नीट बसत नाही, वर तरंगते. वल्ह्याचं पातं पाण्यात पुरवायला हात नको तितके उचलावे लागतात, आणि पाण्यावर उघड्या पडलेल्या त्या बाजूवर वारा थापडा मारतो. रिगरच्या, म्हणजे बोटीबाहेर वल्हं पेलणाऱ्या चौकटीच्या, खुंटीवरच्या प्लास्टिकच्या चकत्या खालून काढून वर घातल्या की वल्ह्याची कडी थोडी खाली येते. तेवढं आम्ही केलं आणि त्याने जीव वाचला. म्हणून नट फिरवायचे पाने स्वतःचे न्या. अमेरिकी बोटींना ७/१६ इंची, बाहेरच्या बोटींना १० आणि १३ मिलिमीटरचे. तिथे कुणी पाना उसना देत नाही, प्रत्येकाला घाई असते. भाड्याची बोट घेताना तीन गोष्टी लेखी मागा: वजनाचा गट, वल्ही धरून एकूण रक्कम, आणि बोटीतल्या पट्टीचा फोटो. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका. माझं हे मत पक्कं आहे.

सरावाचा दिवस छान गेला. ऊन होतं, पाणी आरशासारखं होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाच अंश तापमान आणि पश्चिमेचा वारा. आता कुणी न सांगितलेली दुसरी गोष्ट. बाहेरून आलेल्या बहुतेक बोटी शेवटच्या रेषेजवळ, सोल्जर्स फील्ड रोडच्या बाजूला पाण्यात उतरवतात. शर्यत सुरू होते खाली, बॉस्टन युनिव्हर्सिटीजवळच्या बीयू पुलापाशी. म्हणजे तीन मैलांची शर्यत करण्यासाठी आधी तीन मैल खाली वल्हवत जायचं, रुंद पाण्यात आपल्या क्रमांकाची पाळी येईपर्यंत थांबायचं, आणि मग तेच तीन मैल जीव तोडून परत यायचं. आम्ही अंगातली ताकद तीन मैलांच्या हिशेबाने तयार केली होती. तुम्ही सहाच्या हिशेबाने करा, आणि मध्ये तासभर थंडीत बसणं धरा.

उतरण्यापूर्वी बोट तपासतात. बोटीत पक्क्या केलेल्या बुटांच्या टाचांना दोऱ्या हव्यातच, बोट उलटली तर पाय सुटावेत म्हणून. पुढच्या टोकाला रबरी गोळा हवा. भाड्याच्या बोटीत दोन टाचांच्या दोऱ्या तुटलेल्या होत्या. रांगेत उभं राहून आम्ही बुटांच्या नाड्यांनी त्या बांधल्या. सुतळी जवळ ठेवा. आणि बायकांनो, धक्क्यावर जाण्याआधी शौचालयाच्या रांगेत उभ्या राहा, ती कितीही लांब असो. त्यानंतर तीन तास सोय नाही.

खाली जाताना बॉस्टनच्या काठाने जायचं, पुलांच्याही त्याच बाजूच्या कमानीतून. मधून वर येणाऱ्या शर्यती चालू असतात, थांबून बघायची मुभा नाही. बीयू पूल ओलांडला की काठ एकदम दूर जातात आणि नदी तळ्यासारखी पसरते. शहराच्या उंच इमारती मागे, वारा मोकळा, पाण्यावर पांढऱ्या लाटा. इथे आम्ही जवळजवळ पन्नास मिनिटं बसलो. बसलो म्हणजे काय, तर वारा त्या उंच बोटीला सारखा आडवी करत होता आणि आमच्यातल्या दोघी सारख्या वल्हवून तिला सरळ धरत होत्या. पाणी आत येत होतं. पंच कर्ण्यावरून क्रमांक ओरडत होते, वाऱ्यात निम्मे ऐकू येत नव्हते. माझ्या बोटांतली जाणीव गेली. आमच्या दोन नंबरच्या सीटवरची मैत्रीण थरथरायला लागली आणि तिला बोलता येईना. त्या क्षणी मी मनात शर्यत सोडून दिली होती, हे खरंच सांगते.

मग आम्ही शेंगदाण्याचे लाडू काढले. गुळाचे, घरचे, प्रत्येकीला दोन. त्यांनी माणसात आलो. शेजारच्या बोटीतल्या साठीतल्या बायकांनी आणखी एक धडा दिला. त्यांनी कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्यांना डोक्याचं आणि हातांचं भोक पाडून त्या अंगात घातल्या होत्या, आणि पाळी आल्यावर टराटरा फाडून सीटखाली कोंबल्या. हजार रुपयांच्या जाकिटापेक्षा ती पिशवी श्रेष्ठ आहे. कागदी पुडीत कोरडे मोजेही न्या.

शर्यतीबद्दल आता कमी लिहिते, कारण ती तुम्ही स्वतः कराल. सुरुवात चालत्या बोटीची असते, रेषेवर पोचताना पूर्ण वेग हवा. चौघींच्या बोटीत कॉक्स पुढच्या टोकात आडवा झोपलेला असतो, त्याला मागचं काही दिसत नाही. मागच्या टोकाशी मागे बघत बसलेली वल्हवणारी, म्हणजे स्ट्रोक, म्हणजे मी, हेच त्याचे मागचे डोळे. कोण येतंय, किती जवळ आलंय, कोणत्या बाजूने येतंय, हे स्ट्रोकने सतत सांगायचं. मागून वेगाने येणारीला वाट द्यावीच लागते, नाही दिली तर पुरा एक मिनिट दंड. बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या, रेषेबाहेर बोट गेली तर दर बोयाला दहा सेकंद. वल्ह्याचं पातं बोयावरून गेलं तर चालतं, बोटीचं अंग नाही.

मॅगझीन बीचनंतर पॉवरहाऊसचा सरळ पट्टा लागतो. व्हिडिओत तो कुणी दाखवत नाही, कारण तिथे काही घडत नाही. आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. समोरून वारा, उंच बोट आणि गोठलेल्या मांड्या. वारा असेल तर मिनिटाला दोन ओढी कमी करा आणि प्रत्येक ओढ लांब घ्या. तिथे घाई करणाऱ्या दोन बोटी आम्ही पुढे वेस्टर्न अॅव्हेन्यूच्या पुलापाशी गाठल्या.

वीक्सला नदी काटकोनात डावीकडे वळते. डावीकडे वळायचं म्हणजे बोटीच्या उजव्या बाजूच्या वल्ह्यांनी जोर लावायचा. आपण उलटे बसलेले असतो, तेव्हा ती आपली डावी बाजू, हे घरीच पाठ करा. मधलीच कमान घ्यायची, वळण पुलाच्या आधी सुरू करायचं. पुलावर माणसांची भिंत असते आणि आवाज एवढा की कॉक्स ऐकू येत नाही. ते वळण बारा-पंधरा ओढींत संपतं. संपलं. त्याची एवढी भीती घालणाऱ्यांना माझं सांगणं आहे की त्यांनी एलियटबद्दल बोलावं.

एलियटच्या पुलापाशीही डावं वळण आहे, पण ते संपतच नाही. केंब्रिज बोट क्लबच्या आधीपासून पूल ओलांडून पुढेपर्यंत नदी वळतच राहते, आणि आमच्या उजव्या बाजूच्या दोघींना तो सगळा वेळ एकट्यांनी बोट ओढावी लागली. तिथपर्यंत दोन मैलांहून जास्त झालेले असतात. ज्यांच्या पायांत तेव्हा काही शिल्लक असतं त्या तिथे चार-पाच बोटी मागे टाकतात. बोट ठरवताना तुमच्या दोन सगळ्यात दमदार बायका उजव्या बाजूला बसवा. आमच्या होत्या, आणि म्हणूनच त्या मोठ्या कवचातही आम्ही तिथे दोन बोटींना मागे टाकलं. ती दोन वल्ही एकदम पाण्यात गेली आणि बोट वळली तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते शुद्ध पुणेरी होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. इतका आनंद मला वल्हवताना कधी झालेला नाही.

तेवीस मिनिटांच्या जरा वर वेळ लागली. राखीव जागा मिळण्याइतकी ती नाही, पुन्हा सोडतीतच अर्ज करायचा आहे आणि आम्ही करणार आहोत. या वेळी आमच्या मापाची बोट एका ओळखीच्या क्लबच्या ट्रेलरवर जाईल, त्यांच्याशी बोलणं झालं आहे.

रेषेनंतर लगेच थांबू नका, मागून पंधरा सेकंदांत दुसरी बोट येते. पुढे निघून जा, पंच सांगतील तिथेच वळा. धक्क्यावर कुणीतरी कोरडे कपडे आणि चपला घेऊन उभं राहील असं आधी ठरवून ठेवा, कारण तिथून बोट खांद्यावर घेऊन ओल्या गवतातून बरंच चालायचं असतं. आणि अनामत त्याच दिवशी, तिथेच, पावतीसह परत मागा. आमची अजून आलेली नाही.