कशावरून?

आमच्या विज्ञानाच्या सरांचा एक शब्द अजून कानातून गेलेला नाही : "कशावरून?"

आठवीत एकदा पांढऱ्या पुडीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "मीठ." शिपाईमामांनी ती पुडी आमच्यादेखत वाण्याकडून आणली होती. "कशावरून?" मग चिमूटभर पाण्यात विरघळवली, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. दह्यासारखा पांढरा अवक्षेप आला, अमोनियात विरघळून गेला. तेव्हा कुठे सरांनी पुडीत क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, आहे हे मान्य केलं. मामांनी अर्धी पुडी आधीच काढून ठेवली होती. मधल्या सुट्टीत सरांनी तेच मीठ कैरीला लावून खाल्लं, काही न विचारता.

पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. करताना तत्त्वज्ञ कीथ डरोझ यांचा १९९२चा लेख वाचला आणि ती कैरी आठवली. त्यांचं उदाहरण असं : शनिवारी बँक उघडी असते हे एरवी 'माहीत' असतं. पण चेक वटण्यावर सगळं अडलं असेल, तर त्याच पुराव्यावर तो शब्द वापरायला आपण कचरतो. संदर्भ बदलला की 'माहीत आहे'ची कसोटी बदलते. प्रयोगशाळेतले सर आणि कैरी खाणारे सर, दोघंही बरोबरच होते.

दुसरी आठवण मात्र सलते. माझ्या बाकावरचा मित्र कलमांच्या बागेत वाढलेला. डोळे मिटून पान चुरगळायचा, हुंगायचा आणि सांगायचा : हापूस, पायरी, रायवळ. आम्ही पानं बदलून बदलून दिली, तो चुकला नाही. सरांनी विचारलं, "कशावरून?" "वासावरून." "वासात फरक काय?" त्याला सांगता येईना. "म्हणजे अंदाज," सर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो.

तत्त्वज्ञ आल्विन गोल्डमन यांनी १९७९मध्ये मांडलं की विश्वास ज्या प्रक्रियेतून येतो ती भरवशाची असली की तो सार्थ ठरायला पुरे, कारणं तोंडाने सांगता आली पाहिजेत असं नाही. हा बाह्यवाद : आधार माणसाच्या स्वतःच्या जाणिवेबाहेर असला तरी चालतो. यावर तत्त्वज्ञ लॉरेन्स बॉन्जूर यांचा आक्षेप आहे : एखाद्याला अतींद्रिय दृष्टी असेल, ती अचूकही असेल, पण तिच्यावर विसंबायला त्याच्यापाशी काहीच आधार नसेल, तर ते ज्ञान कसं? आक्षेप वजनदार आहे. पण माझ्या मित्राला तो लागू पडत नाही. त्याच्या नाकाची परीक्षा झाडांनी दर हंगामात घेतली होती. फळ धरलं की खरंखोटं कळायचंच. नैयायिक, म्हणजे भारतीय न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात : ज्ञान खरं की खोटं, हे त्यावरून केलेली कृती फळते का, यावरून ठरतं.

शाळेच्या महोत्सवाच्या मेळाव्याला तो मित्र येणार आहे असं कळलं. मी त्या दिवशी हसलो होतो, हे त्याला समोर बसून सांगायचंय. आणि हेही, की तुला माहीत होतं.